रात्री पावणेबाराचा मेसेज

प्रिय ताई,

मी मूळची कोल्हापूरची, पेठेतली. सतरा वर्षं झाली, इंग्लंडमध्ये वॉरिंग्टनला राहते. लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या मधलं गाव. नवरा हॉस्पिटलमध्ये आहे, मी एका ऑफिसात. मुलगा चौदा वर्षांचा, इथल्या एका क्लबच्या फुटबॉल टीममध्ये खेळतो. टीमच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात मी 'थँक्यू' आणि अंगठा यापलीकडे कधी गेले नव्हते.

जुलै 2025 मध्ये बायकांचा युरो चषक चालू असताना इंग्लंडच्या जेस कार्टरला ऑनलाइन घाणेरड्या वर्णद्वेषी शिव्या आल्या. त्यानंतर टीमनं ठरवलं की वर्णद्वेषाच्या निषेधाचा म्हणून मॅचआधी टेकतात तो गुडघा सेमीफायनलआधी टेकायचा नाही, उभंच राहायचं. ग्रुपवर एका बापानं लिहिलं, 'चला, पोरींना तरी कळलं. तमाशा संपला एकदाचा.' चार जणांनी हसरे चेहरे टाकले. रात्री पावणेबाराला मी लिहिलं: 'हा तमाशा नव्हता. पोलीस काळ्या माणसांना मारतात म्हणून हे सुरू झालं. या देशातले पोलीस वर्णद्वेषी आहेत. आणि त्यांच्या घरच्यांनाही ते माहीत असतं.'

आमच्या गोलीचे, म्हणजे गोलकीपरचे, वडील पोलीस आहेत. मूळ लिव्हरपूलचे. चांगला माणूस. लॉकडाउनमध्ये आम्ही तिघंही तापानं पडलो होतो, तेव्हा रोज दारात दूध ठेवून जायचे. गेल्या वर्षी साउथपोर्टच्या दंगलीत त्यांना बंदोबस्ताला पाठवलं होतं. त्यांनी सकाळी एवढंच लिहिलं, 'मीही या ग्रुपमध्ये आहे,' आणि ग्रुप सोडला. मग तीन दिवस ग्रुपवर नुसती जुंपली होती. काही माझ्या बाजूचे, काही 'पोलीस नकोत तर चोर आल्यावर कुणाला बोलावणार' म्हणणारे. नवरा म्हणतो, आपण इथं पाहुणे, तू कशाला तोंड घातलंस? मुलगा माझ्याशी धड बोलत नाही, कारण गोली त्याचा जिवलग मित्र. मी माफी मागायची का? आणि कशाची? मी खोटं काय बोलले?

ता. क. मार्चमध्ये एका मॅचला समोरच्या टीममधल्या पोरानं माझ्या मुलाला 'पाकी' म्हटलं. त्यानं घरी सांगितलं नाही. गोलीनं रेफरीला सांगितलं. मला ते मे महिन्यात, गोलीच्या आईकडून कळलं.

स., वॉरिंग्टन

*

प्रिय स.,

तू मला ताई म्हणालीस, म्हणून मीही तुला 'तू' म्हणते. त्यात गाववाली निघालीस.

'मी खोटं काय बोलले' हा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुला झोपू देत नाहीये असं दिसतं. तुझ्या मेसेजात चार वाक्यं आहेत. पहिलं बरोबर आहे. दुसरं बरोबर आहे, जरा घाईत लिहिलेलं. तिसरं अर्धं बरोबर. चौथं चूक आहे, आणि ते जिव्हारी लागावं म्हणूनच लिहिलेलं आहे. आता होतं काय, की माणसं मेसेज शेवटाकडून लक्षात ठेवतात. तुला वाटतंय भांडण पहिल्या तीन वाक्यांवर चाललंय. त्या माणसानं ग्रुप सोडला तो चौथ्यासाठी.

पहिल्यापासून बघू. 'तमाशा.' (तमाशा हा शब्द शिवीसारखा वापरायची खोड आपल्याकडेही जुनीच, त्यावर पुन्हा कधी.) ज्यानं ते लिहिलं त्याला ही खूण आली कुठून हे बहुधा माहीत नसावं. 2016 च्या ऑगस्टमध्ये कॉलिन कॅपर्निक नावाचा खेळाडू राष्ट्रगीत चालू असताना बाकावर बसून राहिला. आपला फुटबॉल नव्हे, अमेरिकेतला. बॉल हातात घेऊन पळतात तो. पोलिसांच्या हातून काळी माणसं मरतात आणि कुणाला काही होत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. नेट बॉयर म्हणून एक माजी सैनिक त्याला भेटला आणि म्हणाला, बसू नकोस, गुडघा टेक. आम्ही आमच्या पडलेल्या सोबत्याच्या थडग्यापुढं टेकतो तसा. म्हणजे बघ, ज्या खुणेवर पुढं 'सैनिकांचा अपमान' म्हणून देशभर बोंब झाली, ती सुचवली एका सैनिकानं. त्या हंगामानंतर कॅपर्निकला एकाही टीमनं घेतलं नाही, ती गोष्ट वेगळी.

इंग्लंडमधल्या मॅचला ती आली 17 जून 2020 ला. अमेरिकेत मिनियापोलिसला पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा जीव जाऊन तीन आठवडे झाले होते, लॉकडाउननंतरची पहिली प्रीमियर लीग मॅच होती, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर. स्टेडियम रिकामं. शिट्टी झाली आणि रेफरीसकट सगळे खाली गेले. शर्टावर नावांच्या जागी 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर', काळ्यांच्या जिवालाही किंमत आहे. तोवर मैदानात कुणी काही म्हटलं नाही, कारण म्हणायला स्टेडियमात होतंच कोण? डिसेंबरात लंडनच्या मिलवॉल क्लबनं 2,000 माणसं आत घेतली आणि पहिल्याच मॅचला हुर्यो उडवली गेली. 2021 च्या युरोआधी इंग्लंडच्या टीमला स्वतःच्याच लोकांनी ओरडून दाखवलं, तेव्हा गृहमंत्री प्रीती पटेल म्हणाल्या की हे दिखाऊ राजकारण आहे आणि ओरडायचं की नाही ते प्रेक्षकांनी ठरवावं. पुढं 11 जुलैला वेम्बलीवर फायनलमध्ये रॅशफर्ड, सँचो आणि साका हे काळे खेळाडू पेनल्टी चुकले आणि तिघांच्या फोनवर काय काय येऊन पडलं ते तू पाहिलं असशील. दुसऱ्याच दिवशी टायरन मिंग्ज या त्यांच्या सोबत्यानं पटेलबाईंना सुनावलं, की आधी तुम्हीच आग पेटवायची आणि मग आपल्याला किती किळस आली ते दाखवायचं, असं चालत नाही.

आणि तरीही, स., गुडघ्याला विरोध करणारे सगळे एका माळेचे मणी नव्हते. लेस फर्डिनांड हा इंग्लंडकडून खेळलेला काळा माणूस. क्वीन्स पार्क रेंजर्सचा फुटबॉल संचालक असताना, 2020 च्या सप्टेंबरातच म्हणाला की यातला अर्थ गेला, आता नुसतं छान दिसण्यापुरतं उरलंय. क्रिस्टल पॅलेसचा विल्फ्रेड झाहा 2021 च्या मार्चपासून उभा राहायला लागला. गुडघा टेकला तरी शिव्या थांबत नाहीत, मग मी ताठ उभा राहतो, असं त्याचं म्हणणं. 2022 च्या ऑगस्टमध्ये लीगच्या कप्तानांनीच ठरवलं की दर मॅचला नको, ठरावीक वेळीच टेकू. जेस कार्टरच्या टीमनं जे केलं ते याच रांगेतलं आहे. त्या म्हणाल्या, आता दुसरा मार्ग हवा. हे 'तमाशा संपला'च्या अगदी उलट आहे. तो बाप त्यांच्या उभं राहण्याला आपल्या बाजूचं मत समजून खूश झाला. तुला तेवढंच दाखवून द्यायचं होतं, आणि ते दोन ओळींत झालं असतं.

मला विचारशील तर गुडघ्याचं काम पहिल्या वर्षात झालं. पुढं ती सवय झाली, आणि सवयीला कुणी घाबरत नाही.

आता पोलीस. इथं मी जरा थांबणार आहे, कारण 'पोलीस काळ्या माणसांना मारतात' हे लिहिताना तुझ्या डोळ्यापुढं अमेरिका होती असं मला वाटतं. तुला मिनियापोलिसपर्यंत जायची गरजच नव्हती.

डॅलियन ॲटकिन्सन हे नाव तुझ्या ग्रुपमधल्या पन्नाशीच्या बापांना विचार. ॲस्टन व्हिलाचा काळा फॉरवर्ड. ऑक्टोबर 1992 मध्ये विम्बल्डनविरुद्ध त्यानं स्वतःच्या हाफमधून बॉल घेतला, एकामागून एक माणसं मागं टाकली आणि गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद चिप केला. बीबीसीनं त्या हंगामातला सर्वोत्तम गोल ठरवला. पाऊस पडत होता. व्हिलाचा एक पाठीराखा छत्री घेऊन थेट मैदानात आला आणि ॲटकिन्सन हात पसरून उभा असताना त्याच्या डोक्यावर ती छत्री धरून राहिला. ते दृश्य अजून लोक काढून काढून बघतात.

तोच ॲटकिन्सन 15 ऑगस्ट 2016 च्या पहाटे टेल्फर्डमध्ये वडिलांच्या घराबाहेर होता. 48 वर्षांचा. आजारी होता, मन थाऱ्यावर नव्हतं. शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन केला. बेंजामिन मंक या पोलिसानं त्याच्यावर टेझर चालवलं. एका वेळी पाच सेकंद विजेचा झटका द्यायचा असतो. इथं तो 33 सेकंद चालला. ॲटकिन्सन जमिनीवर पडला, आणि मग डोक्यात लाथा, निदान दोन. कपाळावर बुटाच्या लेसचे वळ उमटले होते. मंक खुनाच्या आरोपातून सुटला, पण जून 2021 मध्ये सदोष मनुष्यवधात दोषी ठरला आणि त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. ड्युटीवरच्या कृत्यासाठी असा दोषी ठरलेला इंग्लंड-वेल्समधला 30 हून अधिक वर्षांतला तो पहिला पोलीस. मृत्यूपासून निकालापर्यंत जवळजवळ पाच वर्षं गेली. त्या दलाच्या प्रमुखांनी घरच्यांची माफी मागितली तीही 2021 च्या डिसेंबरात.

आणि प्रीमियर लीगच्या मॅचला पहिल्यांदा गुडघे टेकले गेले ते व्हिला पार्कवर, ॲटकिन्सनच्या मैदानावर, त्याचा खटला अजून उभा राहायचा असताना. तू त्या बापाला हे सांगितलं असतंस तर 'अमेरिकेचं खूळ आमच्याकडं कशाला' हे त्याला म्हणताच आलं नसतं.

तिसरं वाक्य: 'या देशातले पोलीस वर्णद्वेषी आहेत.' 1993 मध्ये लंडनच्या एल्थममध्ये बस स्टॉपवर उभ्या असलेल्या स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्या पोरांच्या टोळीनं भोसकून मारलं. पोलिसांनी तपासाचा असा काही विचका केला की चौकशी समिती नेमावी लागली. 1999 च्या मॅकफर्सन अहवालानं लंडनच्या पोलीस दलाला 'संस्था म्हणून वर्णद्वेषी' म्हटलं. 2023 मध्ये लुईस केसी यांच्या अहवालानं त्याच दलाला पुन्हा तेच म्हटलं, आणि बायकांच्या बाबतीतही. म्हणजे तू हवेतलं बोलली नाहीस.

पण 'संस्था म्हणून' या दोन शब्दांत सगळी मेख आहे. मॅकफर्सनचं म्हणणं असं की रंग, संस्कृती, वंश यांच्यामुळे काही लोकांना नीट वागणूक देण्यात सगळी संस्था मिळून कमी पडते. तिथला प्रत्येक माणूस मनातून द्वेष्टा असलाच पाहिजे असं नाही. सरकारी ऑफिसात गेलीस, टेबलावरचा प्रत्येक जण गोड बोलला आणि तरी तुझी फाइल सहा महिने हलली नाही, तर तू काय म्हणशील? माणसं चांगली, ऑफिस भिकार. तुझ्या वाक्यात 'पोलीस वर्णद्वेषी' एवढंच आलं, 'दल' आलं नाही. मराठीत काय, इंग्रजीत काय, वाचणाऱ्या पोलिसाला ते 'तू' असंच ऐकू येणार. शिवाय दोन्ही अहवाल लंडनचे. इंग्लंड-वेल्समध्ये अशी 43 वेगवेगळी दलं आहेत. लंडनचा अहवाल तुझ्या गावच्या हवालदाराच्या अंगावर फेकायचा, हे म्हणजे मुंबईत लाच घेतलेली आणि गडहिंग्लजच्या माणसाला जाब विचारायचा.

केसी यांच्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे, तिची चर्चा कमी झाली. दलात ज्यांनी आतून तोंड उघडलं त्यांनाच त्याचं फळ भोगावं लागतं, हे तिथल्या माणसांना पक्कं ठाऊक झालेलं असतं. म्हणजे पोलीस सुधारणा हवी असणारे लोक पोलिसांतही असतात, फक्त ते ग्रुपवर लिहीत नाहीत. तुझ्या गोलीचे वडील त्यांतले आहेत की नाहीत, मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. विचारलंस कधी?

आता ते चौथं. 'त्यांच्या घरच्यांनाही ते माहीत असतं.' हे तुला कुणी सांगितलं? या वाक्याला कुठलाच अहवाल नाही. ग्रुपमध्ये पोलिसाचं घर किती? एक. तू 'त्यांच्या' लिहिलंस तरी ते एका बाईबद्दल आणि एका चौदा वर्षांच्या पोराबद्दल झालं. राग खरा होता आणि गेला भलत्याच पत्त्यावर.

आणि हा माणूस 2024 च्या जुलै अखेरीस साउथपोर्टला होता, हे तूच लिहिलंयस. तीन लहान मुलींचा खून झाला, खुनी मुसलमान निर्वासित आहे अशी खोटी बातमी फोनाफोनांतून पसरली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमाव मशिदीवर चालून गेला. मशीद आणि जमाव यांच्यामध्ये पोलीस उभे होते. विटा, बाटल्या, कुंपणं उपटून मारलेले दगड. एका संध्याकाळीत पन्नासहून जास्त पोलीस जखमी झाले. त्यानं त्यातलं घरी किती सांगितलं असेल कोण जाणे. त्यामुळं ॲटकिन्सनचा हिशेब फिटतो असं मी म्हणत नाही. दोन्ही गोष्टी त्याच गणवेशातल्या, एवढंच.

तर माफी मागायची का? हो. चौथ्या वाक्याची, पूर्ण. तिसऱ्याची नाही, ते नीट करून सांगायचं. पहिल्या दोनांची अजिबात नाही. 'कुणाला वाईट वाटलं असल्यास क्षमस्व' असलं काही ग्रुपवर टाकू नकोस. त्याच्या दारात जा. फोन नको, मेसेज तर नकोच, तुला लिहिण्याचा गुण येतो असं दिसत नाही. आणि रिकाम्या हातानं जा. पुरणपोळ्यांचा डबा घेऊन गेलीस की त्या बिचाऱ्याला 'अहो काही नाही, विसरा' म्हणावं लागेल आणि तू सुटशील. त्याला रागवायचं असेल तर रागवू दे.

बोलणं पुढं सरकलं तर हिल्सबरोचा विषय काढ. तो मूळ लिव्हरपूलचा आहे ना, त्याच्या घरात कुणी ना कुणी त्या दिवसाबद्दल बोललेलं असणार. 15 एप्रिल 1989, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपची सेमीफायनल, लिव्हरपूलच्या पाठीराख्यांची उभं राहायची जागा खच्चून भरली आणि माणसं जाळीला चिरडली. 97 गेली, शेवटचं, त्या दिवशीच्या दुखापतीनं, 2021 मध्ये. गर्दी आत यावी म्हणून दरवाजा पोलीस अधिकाऱ्यानंच उघडायला लावला होता, आणि त्यानंच सांगितलं की पाठीराख्यांनी तो फोडला. एका पेपरानं पहिल्या पानावर मेलेल्यांचे खिसे लोकांनी कापले असं छापलं. लिव्हरपूलमध्ये तो पेपर आजही कित्येक जण हातात धरत नाहीत. 2012 मध्ये कागद बाहेर आले तेव्हा दिसलं की हवालदारांचे 164 जबाब बदललेले होते, आणि त्यांतल्या 116 मधून पोलिसांना अडचणीची वाक्यं काढून टाकलेली किंवा फिरवलेली. 2016 मध्ये ज्युरीनं सांगितलं की ही माणसं बेकायदा मारली गेली. सत्तावीस वर्षं लागली त्याला. सरकारी माणसानं चौकशीत खरंच बोललं पाहिजे अशी सक्ती करणारं विधेयक संसदेत आलं ते सप्टेंबर 2025 मध्ये, आणि त्याला सगळे हिल्सबरोचाच कायदा म्हणतात.

ही बहुतेक गोरी कामगार माणसं होती. पोलीस खोटं बोलले, तर साध्या माणसाला ते खोटं आहे हे सिद्ध करायला अर्धं आयुष्य लागतं, हे त्या शहराला जितकं माहीत आहे तितकं इंग्लंडात क्वचित कुणाला असेल. लॉरेन्सच्या आईवडिलांना तेच कळलं, ॲटकिन्सनच्या भावंडांना तेच कळलं. लिव्हरपूलचा मुलगा हे सगळं ऐकत वाढतो आणि तरी पोलीसात जातो. का गेला असेल? मला तरी ऐकायला आवडेल.

नवऱ्याच्या 'पाहुणे' या शब्दावर दोनच वाक्यं. सतरा वर्षं कर भरून, रात्रपाळ्या करून माणूस पाहुणा राहत नाही. पण त्याची भीती तुझ्या रागाइतकीच खरी आहे. 2024 च्या त्या आठवड्यात तो हॉस्पिटलातून घरी कुठल्या रस्त्यानं येत होता ते त्याला विचार, आणि मग भांड.

आता आपल्या दोघींतलं. तू कोल्हापूर सोडलंस त्यानंतर आपल्याकडच्या पेठांच्या टीममध्ये नायजेरियाचे खेळाडू येऊ लागले. दांडगे, वेगवान, मॅच एकटे फिरवणारे. मी शाहू स्टेडियमला भावाबरोबर जायची. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, कुणाचीही मॅच असो, पायऱ्यांवर मुंगीला जागा नसायची. त्या पोरांतलं कुणी गोल चुकलं की आमच्या आसपास काय ओरडायचे माहीतै? 'ए काळ्या!' आणि याहून वाईट, ते मी छापत नाही. गोल मारला की तोच 'वाघ'. मी शेंगा खात बसलेली असायची. एकदाही मान वळवून कुणाला गप्प म्हटलं नाही. त्या पोराला मराठी कळत नाही, असं मी मनाशी म्हणायची. कळत असणार. असल्या शब्दांना भाषा लागत नाही.

तू ग्रुपवर 'काळी माणसं' लिहिलंस आणि तुझ्याच नात्यात पोरीचा रंग बघून स्थळं फिरतात हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून तू गप्प बसायला हवं होतंस असं मी म्हणत नाही. तोंड उघडलंस ते बरंच केलंस. फक्त त्या पोलिसाच्या घरात शिरलीस तेवढ्याच जोरात आपल्या घरात शिरली असतीस का, हे मी मला विचारते तसं तुलाही विचारते.

राहिला मुलगा. ता. क. मध्ये तीन ओळींत उरकलंस ते. मे महिन्यात तुला कळलं, जुलैत तू ग्रुपवर फुटलीस, मधल्या दोन महिन्यांत तू त्याच्याशी यावर बोललीस का? पत्रात नाही. त्यानं घरी का सांगितलं नाही, याचा अंदाज मला आहे: आई काहीतरी करेल म्हणून. आणि बघ, केलंसच.

तर आधी त्याला विचार, आणि तो 'नको' म्हणाला तर निदान आठवडाभर ते 'नको' ऐकून घे. त्याला चाललं तर तक्रारीचा रस्ता सरळ आहे. मुलांच्या प्रत्येक क्लबमध्ये एक वेल्फेअर ऑफिसर असावाच लागतो, त्याच्याकडं लेखी दे: तारीख, मैदान, समोरची टीम, कुठला शब्द, कुणी ऐकला. रेफरीला कळवलं होतं, तर त्यानं ते जिल्ह्याच्या फुटबॉल असोसिएशनला कळवलं की नाही ते विचार. 'किक इट आउट' ही संस्था 1993 पासून हेच काम करते, तिच्याकडंही नोंदवता येतं. मार्चची गोष्ट आहे म्हणून उशीर झाला असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. 2021 च्या फायनलनंतर पोलिसांनी शिव्यांच्या शेकडो पोस्ट तपासल्या, 207 गुन्ह्यात बसणाऱ्या निघाल्या, आणि त्यांतली ब्रिटनमधली खाती होती 34. त्या 34 पर्यंत पोचायलाही कुणीतरी बसून एकेक पोस्ट वाचली, आणि हे काम पोलिसांचंच होतं. तुला हवी ती पोलीस सुधारणा बरीचशी अशीच दिसते, कंटाळवाणी, फॉर्म भरायची.

2025 च्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावर बोर्नमथकडून खेळणारा काळा खेळाडू अँटवान सेमेन्यो थ्रो-इन घ्यायला कडेला गेला, प्रेक्षकांतून एकानं त्याला वर्णद्वेषी शिवी दिली. तो थेट रेफरीकडं गेला, मॅच थांबली, त्या माणसाला बाहेर काढलं. नंतर सेमेन्योनं दोन गोल मारले. तो पंचवीस वर्षांचा, मोठा माणूस. लाखो लोक बघत होते, कप्तान पाठीशी होते. मार्चमधल्या त्या रविवारी चिखलाच्या मैदानावर कुणी नव्हतं. एक चौदा वर्षांचा गोली आपला गोल सोडून रेफरीपर्यंत चालत गेला, मित्राला शिवी दिली म्हणून सांगायला. पोलिसाच्या घरचाच तो.

त्याला थँक्यू म्हणालीस का? पत्रात मला कुठं दिसलं नाही.

तुझी,
ताई